बास गिटारचा ब्रिज बदलताना: माप आधी, वजन नंतर

प्रश्न असा आहे: "माझ्याकडे जॅझ बास धाटणीचा चार तारांचा बास आहे, बरीच वर्षं वापरातला. मी ठाण्यात राहतो. वाजवता वाजवता ई तारेचं सॅडल खाली बसतं आणि तार फ्रेटला लागून बज येतो. दोन सॅडलचे उंचीचे स्क्रू गंजून जाम झालेत. दुकानदार म्हणतो, जाड पितळी ब्रिज टाका, सस्टेन पण वाढेल. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटमधले सूर लवकर मरतात, ते त्याने सुधारतील का? नेमका कोणता ब्रिज घेऊ? आणि काळा की क्रोम?"

शब्द आधी: ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा धरणारा धातूचा भाग, सॅडल म्हणजे त्यावरचा प्रत्येक तारेखालचा छोटा टेकू, फ्रेट म्हणजे नेकवरच्या आडव्या पट्ट्या आणि सस्टेन म्हणजे सूर टिकून राहणं. आता थेट उत्तर देतो. ब्रिज बदला, हरकत नाही. पण आताच्याच भोकांवर बसणारा, तारांमधलं अंतर तेच ठेवणारा घ्या; जोरात वाजवत असाल तर ज्याची सॅडल आडवी हलत नाहीत असा. तो जाड की पातळ, पितळेचा की पोलादाचा, हा त्यानंतरचा विचार. जी तारेवरचे मेलेले सूर मात्र कोणत्याही ब्रिजने उठणार नाहीत. त्या आशेवर एक रुपयाही जास्त घालू नका.

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींचं मूळ वेगळं आहे. एकेक घेऊ.

सॅडल बसतं ते उंचीच्या दोन बारीक ग्रबस्क्रूंमुळे, म्हणजे माथ्यावर षटकोनी खाच असलेल्या छोट्या स्क्रूंमुळे. ई तारेवर ताण साधारण सोळा ते अठरा किलोंचा असतो आणि तार सॅडलवरून वळून मागे जाते, म्हणून त्यातला काही भाग सॅडलला सतत खाली दाबत राहतो. त्यात बोटांचा नाही तर पिकचा मार, म्हणजे कंप. स्क्रूचे आटे सैल असले की तो दर गाण्याला थोडा थोडा फिरतो. इथे एक गोष्ट तपासा, कारण कदाचित तुम्हाला ब्रिज घ्यावाच लागणार नाही: झिजलेत ते स्क्रूचे आटे की सॅडलच्या भोकातले? दुसऱ्या चांगल्या सॅडलचा स्क्रू काढून ई च्या सॅडलमध्ये लावून बघा. घट्ट बसला तर नवे स्टेनलेसचे ग्रबस्क्रू आणा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर असा माल सुटा मिळतो. आशियात बनलेल्या बहुतेक बासना एम३ (३ मिमी जाडीचा) लागतो, पण अमेरिकन मालाचे आटे इंचाच्या मापाचे असतात. नमुना खिशात घेऊनच जा, कारण चुकीच्या मापाचा स्क्रू दोन फेरे आरामात आत जातो आणि तिसऱ्याला सॅडल खाऊन टाकतो. उलट चांगला स्क्रूही भोकात डुगडुगत असेल तर सॅडल संपलं.

जाम झालेल्या स्क्रूंना घाई करू नका. चावी जोरात फिरवली की षटकोनी खाच गोल होते आणि मग सरळ मार्गच उरत नाही. आधी तारा पूर्ण सैल करा. ब्रिजच्या भोवती बॉडीवर मास्किंग टेप लावा, टेपवर जुना कपडा अंथरा. गंज सोडवणारं तेल लाकडात उतरलं तर डाग कायमचा. सुईच्या टोकावर तेलाचा एकच थेंब घ्या, तो स्क्रू आणि सॅडलच्या सांध्यावर टेका आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर धरा. स्क्रू तापून थोडा फुगतो, थंड होताना आकसतो आणि गंजाची पकड तुटते. मग नव्या, धारदार कोपऱ्यांच्या ॲलन कीने आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला, मग सोडवायच्या दिशेला असं हलवत जा. 'कुर्र' असा बारीक आवाज आला म्हणजे सुटला. गोल झिजलेली चावी वापरू नका. जाम स्क्रू कायमचे खराब होतात ते बहुतेक वेळा चावीमुळे.

हे करून दोन्ही स्क्रू सुटले आणि सॅडलचे आटे शाबूत निघाले, तर तुमचा ब्रिज अजून बरीच वर्षं चालेल. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात दमट हवा आणि हाताचा घाम मिळून ब्रिज खातात, पण त्यात आधी स्क्रू जातात, ब्रिजची तळपट्टी नाही. पट्टीवरचा मुलामा सुटून खाली फोड आले असतील, मागची उभी कड वाकली असेल किंवा इंटोनेशनचे (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागावा म्हणून सॅडल पुढे-मागे करण्याचे) लांब स्क्रूही जाम असतील, तर मात्र बदलणंच शहाणपणाचं.

आता बदलायचा ठरला असं धरून पुढे जाऊ. ब्रिजच्या बाबतीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते नाव ऐकून मागवल्याने, म्हणून घेण्याआधी बासजवळ बसून चार मापं काढा.

पहिलं, तारांमधलं अंतर. जॅझ बास काढणाऱ्या फेंडर कंपनीच्या धाटणीच्या चार तारांच्या बासला ब्रिजवर लगतच्या दोन तारांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत १९ मिमी असतात, म्हणजे ई पासून जी पर्यंत ५७ मिमी. तारांची जाडी वेगवेगळी असल्यामुळे मध्य डोळ्यांनी पकडता येत नाही. म्हणून कॅलिपरने ई च्या बाहेरच्या कडेपासून जी च्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यातून दोन्ही तारांची अर्धी अर्धी जाडी वजा करा. ४५-१०५ चा नेहमीचा संच असेल तर ई २.६७ मिमी आणि जी १.१४ मिमी, दोन्हींची निम्मी मिळून १.९ मिमी. म्हणजे कॅलिपरवर ५८.९ आलं तर तुमचं अंतर बरोबर १९ मिमीचं. हे माप चुकलं तर दोन ठिकाणी त्रास होतो. जॅझ बासच्या पिकअपमध्ये (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागात) प्रत्येक तारेखाली दोन पोलपीस, म्हणजे चुंबकाचे छोटे खांब, असतात आणि तार त्यांच्या मधोमध जावी लागते. ती सरकली की एक तार बारीक आणि दुसरी मोठी ऐकू येते. शिवाय वरच्या फ्रेटवर ई किंवा जी तार फिंगरबोर्डच्या कडेला येते आणि बोटाखालून घसरते. पाच तारांच्या बासमध्ये तर हे अंतर १६.५ पासून १९ मिमीपर्यंत काहीही असू शकतं, तिथे मोजल्याशिवाय मागवूच नका.

दुसरं, भोकं. ब्रिज उतरवायची गरज नाही. पातळ कागद ब्रिजवर दाबून धरा आणि शिसपेन्सिल आडवी घासा, स्क्रूची डोकी आणि पट्टीच्या कडा कागदावर उमटतात. त्यावर मध्य ते मध्य अंतरं लिहून ठेवा. फेंडरची पाच स्क्रूंची मांडणी इतकी रुळलेली आहे की नंतरच्या कंपन्यांनी पर्यायी ब्रिज तिच्यावरच बेतले. पण 'जॅझ बास सारखा' दिसणारा प्रत्येक बास त्या मांडणीचा नसतो. कमी किमतीच्या बासवर सगळे स्क्रू एका सरळ ओळीत असलेलेही दिसतात. तुमचा कागद आणि कंपनीने दिलेलं रेखाचित्र एकमेकांवर ठेवून बघा. जुळलं तर काम तासाभराचं. नाही जुळलं तर भोकं बुजवून नवी पाडायला लागतील. तेही होतं, पण मग एकतर तेवढा हात हवा, नाहीतर कारागीर हवा.

तिसरं माप उंचीचं आणि ते बहुतेक जण विसरतात. तारा सुरात असताना, ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) तुम्हाला हवी तशी असताना, सॅडलजवळ बॉडीच्या पृष्ठभागापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत किती मिलिमीटर आहेत ते बघा. समजा ११ आले. तर नवा ब्रिज सॅडल पूर्ण खाली केल्यावर ११ च्या बराच खाली आणि पूर्ण वर केल्यावर ११ च्या बराच वर जायला हवा. जाड ओतीव ब्रिजची तळपट्टीच जाड असते, त्यामुळे त्याची सर्वात खालची उंची वाकवलेल्या पत्र्याच्या ब्रिजपेक्षा जास्त असते. मग सॅडल तळाला टेकलं तरी तारा उंचच राहतात. अशा वेळी नेक सोडवून त्याच्या बॉडीतल्या खाचेत मागच्या बाजूला, म्हणजे ब्रिजकडच्या कडेला, शिम (पातळ चकती) घालावी लागते. अर्ध्या मिलिमीटरच्या शिमने ब्रिजपाशी सुमारे दोन मिलिमीटरची जागा मिळते. शिम घालणं वाईट नाही, कारखान्यातही घालतात. पण ब्रिज बदलल्यामुळे नेक उघडावा लागणार आहे, हे पैसे देण्याआधी माहीत असलेलं बरं.

चौथं, सॅडलची पुढे-मागे जाण्याची जागा. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ३४ इंची बासला ते ८६३.६ मिमी येतं. जी चं सॅडल या मापाच्या जरासं मागे आणि ई चं त्याहून काही मिलिमीटर मागे बसतं, कारण जाड तार दाबली की सूर जास्त चढतो. जुन्याच भोकांवर नवा ब्रिज बसवला तरी त्याची सॅडल भोकांपासून तेवढ्याच अंतरावर असतील असं नाही. रेखाचित्रात भोकांच्या ओळीपासून सॅडल किती पुढे आणि किती मागे जातं ते बघा. ई चं सॅडल मागच्या भिंतीला टेकूनही इंटोनेशन जुळत नसेल, तर तो ब्रिज कितीही देखणा असला तरी तुमच्या कामाचा नाही.

एवढी मापं हातात आली की बाजारातले प्रकार सोपे होतात.

वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज हा सगळ्यांचा मूळपुरुष. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला तेव्हा त्याच्या ब्रिजला दोनच सॅडल होती, दोन-दोन तारांना एक. त्यामुळे इंटोनेशन ही तडजोडच असायची. १९५७ च्या बदलात प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल मिळालं आणि १९६० मध्ये जॅझ बासही चार स्वतंत्र सॅडलांचा ब्रिज घेऊनच आला. पोलादी पत्रा, मागची कड वर वाकवलेली, गोल दांड्यासारखी सॅडल, बस. त्यातल्या आटे पाडलेल्या सॅडलचा एक फायदा सांगितला जात नाही: तार एका आट्यातून उचलून शेजारच्या आट्यात ठेवली की अंतर बारीक बारीक जुळवता येतं. तोटा असा की पट्टी सपाट असल्यामुळे सॅडलला बाजूने आधार नाही. जोरात स्लॅप करणाऱ्याच्या (अंगठ्याने तार आपटून वाजवणाऱ्याच्या) हाताखाली ती आडवी सरकतात.

हा ब्रिज 'स्वस्तातला' म्हणून बाजूला टाकू नका. अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवर बासवादक जेम्स जेमरसनचा १९६२ चा प्रिसिजन याच जातीच्या ब्रिजवर वाजला, तोही ब्रिजच्या झाकणाखाली फोम ठेवून, फ्लॅटवाउंड (गुळगुळीत गुंडाळीच्या) तारांवर. जाको पास्टोरियसचा फ्रेटलेस जॅझ बासही १९६२ चाच आणि त्याच्याही ब्रिजला पातळ पत्राच. एकाचे सूर आखूड, दुसऱ्याचे लांबलचक गाणारे, आणि खाली धातू तोच. दोघांमधला फरक तारांचा, फोमचा, फ्रेट असण्या-नसण्याचा आणि हातांचा आहे.

जाड ब्रिजची लाट सत्तरच्या दशकातली. लिओ क्वानचा बॅडॲस हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. बासवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बासवर तो आहे, रश बँडच्या गेडी लीच्या जॅझ बासवरही. स्लॅपचा तो चकचकीत, भरलेला आवाज ऐकून लोक ब्रिज शोधायला लागले, ते स्वाभाविकच होतं. पण मिलरच्या बासमध्ये रॉजर सॅडोस्कीने बसवलेला प्रीॲम्पही (बासमध्येच आवाज वाढवणारं सर्किट) आहे, आणि त्या आवाजात त्याचा वाटा ब्रिजपेक्षा खूप मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या बॅडॲसबद्दल एक सूचना: त्याची सॅडल बिनखाचेची यायची, खाचा स्वतः पाडाव्या लागत. कुठे जुना मिळाला तर आधी कोणाच्या तरी तारांसाठी, कोणाच्या तरी अंतरावर पाडलेल्या खाचा असतील, ते बघून घ्या.

आज तुमच्यासारख्या बासला सरळ बसणारा जाड ब्रिज म्हटला की जपानच्या गोटोचा २०१ पहिला आठवतो. फेंडर मांडणीची भोकं, १९ मिमी अंतर, दोन्ही कडांना उभ्या भिंती, त्यामुळे सॅडल आडवी पळत नाहीत. हिपशॉटचे ब्रिज वेगवेगळ्या मांडणीत मिळतात, त्यांचा किकॲस हा बॅडॲसच्या जागी बसावा म्हणूनच काढलेला आहे आणि काही प्रकार ॲल्युमिनियममध्येही येतात. बास जड असेल तर ते उपयोगाचे. शालरच्या थ्रीडी प्रकारात तारा छोट्या रोलरवर बसतात आणि रोलर फिरवून अंतर कमी-जास्त करता येतं. ज्यांच्या बासचं अंतर नेहमीचं नाही किंवा तारा पोलपीसच्या मध्यावर येत नाहीत, त्यांना मी तोच सुचवतो. प्रत्येक तारेला सुटा ब्रिज असाही प्रकार आहे, पण तो नवीन बास बांधताना शोभतो. तयार बासवर चार सुटे ब्रिज समांतर आणि बरोबर अंतरावर बसवणं म्हणजे विकतची डोकेदुखी.

गिब्सनचा तीन खांबांवर बसणारा ब्रिज किंवा रिकनबॅकरचा टेलपीस ही वेगळी घराणी आहेत. त्यांना खास त्यांच्यासाठी केलेलेच पर्याय लागतात, वरची मापं तिथे पुरी पडत नाहीत.

आता वजनाबद्दल, कारण तुमच्या दुकानदाराने तेच विकायचं ठरवलेलं दिसतं. पितळ हा शब्द ऐकला की जड, भरीव, गाणारं असं काहीतरी मनात येतं. आकडे बघा: पितळाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ८.५ ग्रॅम, पोलादाची ७.८, ओतकामासाठी वापरतात त्या जस्ताच्या मिश्रधातूची ६.७ च्या आसपास, ॲल्युमिनियमची २.७. पितळ आणि पोलाद यांत दहा टक्क्यांचाही फरक नाही. जाड ब्रिज जड असतो तो मुख्यतः जाडीमुळे. शिवाय 'पितळी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ ब्रिजमध्ये फक्त सॅडल पितळेची असतात आणि तळपट्टी ओतीव जस्ताची. दुकानात ब्रिज उलटा करा, खालच्या बाजूला कोपऱ्यात जरा खरवडलेलं दिसलं तर पिवळं ते पितळ, करडं ते जस्त. लोहचुंबक चिकटला तर पोलाद. जस्त वाईट असतं असं नाही, चांगल्या कारखान्यातलं ओतीव जस्त वर्षानुवर्षं टिकतं. पण बिननावाच्या स्वस्त मालात तेच ठिसूळ निघतं आणि त्यातले आटे पहिल्या दोन सेटअपमध्ये जातात.

सस्टेनचं शास्त्र थोडक्यात असं. तार दोन टोकांना बांधलेली असते आणि प्रत्येक टोकातून तिची ऊर्जा गळते. टोक जितकं जड आणि ताठ, तितकी गळती कमी. म्हणजे जड ब्रिजने सस्टेन वाढावा हे तत्त्वतः बरोबर आहे. प्रश्न असा की ब्रिजच्या टोकातून मुळात किती गळतं? तिथे खाली चार-पाच सेंटिमीटर जाडीचं लाकूड आहे, ते फारसं हलतच नाही. हलतो तो नेक. हेल्मुट फ्लायशर आणि टिलमन झ्विकर यांनी नव्वदच्या दशकात जर्मनीत इलेक्ट्रिक गिटार आणि बासवर मोजमापं करून हेच दाखवलं: मेलेले सूर तिथे असतात जिथे नेक त्याच कंपनसंख्येला स्वतः डोलतो आणि तारेची ऊर्जा पिऊन टाकतो. ब्रिजच्या बाजूचा वाटा त्या मानाने नगण्य.

तुमच्या जी तारेवरच्या पाचव्या-सातव्या फ्रेटमधल्या मेलेल्या सुरांची हीच गोष्ट आहे. फेंडर धाटणीच्या लांब, बोल्ट लावलेल्या नेकचं हे ओळखीचं दुखणं आहे, महागड्या बासवरही ते सापडतं. घरच्या घरी खात्री करून घ्या. हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या ट्यूनिंग की असलेल्या टोकाला, कापड गुंडाळून त्यावर सुताराचा छोटा सी-क्लॅम्प लावा आणि तेच सूर पुन्हा वाजवा. वजन बदललं की नेकची कंपनसंख्या बदलते आणि मेलेली जागा एखादा फ्रेट खाली सरकते किंवा मऊ पडते. तसं झालं तर दोष कुठे आहे ते तुमच्या कानांनीच सांगितलं. यावर उपाय हेडस्टॉकच्या बाजूलाच आहेत: तिथे वजन लावणं किंवा उलट हलक्या ट्यूनिंग की बसवून ती जागा कमी अडचणीच्या सुरावर ढकलणं.

मग जाड ब्रिज लावल्यावर 'आवाज उघडला' असं इतके जण का म्हणतात? ते खोटं बोलत नाहीत. ब्रिज बदलला की त्याच दिवशी नव्या तारा पडतात, उंची नव्याने लागते, इंटोनेशन जुळतं, सैल स्क्रू घट्ट होतात. यातली प्रत्येक गोष्ट ऐकू येते. सगळं श्रेय मात्र चमकणाऱ्या धातूला जातं. माझ्या कानाला जाड ब्रिजने ठोक्याची सुरुवात किंचित ताठ वाटते आणि चारही तारा जरा एकसारख्या वाजतात, विशेषतः आधीचा ब्रिज डुगडुगता असेल तर. पण तारांचा जुना संच काढून नवा घातल्यावर जो फरक पडतो त्याच्या मानाने हा फार लहान आहे. म्हणून जाड ब्रिज घ्यायचाच असेल तर सॅडल जागेवर राहतात, स्क्रू चांगले असतात, सेटअप टिकतो म्हणून घ्या. ही कारणं भक्कम आहेत.

मागून बॉडीतून तारा ओवायची सोय काही ब्रिजमध्ये असते. १९५१ च्या प्रिसिजनमध्ये ती होती, १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्येही होती. तुमच्या बॉडीत भोकं नाहीत, तर त्यासाठी नवी पाडू नका. सॅडलवर तारेचा कोन थोडा तीव्र होतो एवढाच लाभ, आणि आरपार भोकं चुकली तर बॉडी गेली.

तर तुमच्यासाठी निवड अशी. तुम्ही बोटांनी वाजवत असाल, ॲक्शन आधीच खालची असेल आणि उंचीच्या मापात खाली जागा कमी असेल, तर चांगल्या प्रतीचा वाकवलेल्या पत्र्याचाच ब्रिज घ्या, पोलादी किंवा पितळी सॅडलांचा. स्लॅप किंवा पिकने जोरात वाजवत असाल आणि उंचीला जागा असेल, तर गोटो २०१ किंवा त्या जातीचा. दोन्हींमध्ये हातात घेऊन एकच गोष्ट बघा: सॅडल बोटांत धरून उंचीचा स्क्रू आडवा हलवून पाहा. नव्या मालात तो हलता कामा नये. हलला तर ठेवून द्या, नाव कोणाचंही असो. अमेरिकेतून कोणी नातेवाईक येणार असेल तर मागवायला हरकत नाही, पण सोबत त्या ब्रिजची ॲलन कीही मागवा. इंचाच्या मापाची चावी इथे ऐनवेळी मिळत नाही आणि मिलिमीटरची जवळपास बसणारी चावी खाच गोल करते.

बसवताना घाई नको. तारा चारही थोड्या थोड्या करत सैल करा. जुना ब्रिज उचलताना हळूच, कारण त्याच्या खाली बॉडीच्या छिद्रातून आलेली एक उघडी तार चेपलेली असते. ती अर्थची तार. ती तुटली किंवा नव्या ब्रिजखाली नीट दबली नाही तर तारांना हात लावेपर्यंतचा नव्हे, हात लावल्यावरही न थांबणारा हम मिळेल. आपल्याकडच्या अनेक हॉलमधलं अर्थिंग आधीच कच्चं असतं, त्यात ही भर नको. काळा ॲनोडाइज केलेला ॲल्युमिनियमचा ब्रिज असेल तर त्याचा थर वीज वाहूच देत नाही, म्हणून खालच्या बाजूला अर्थची तार टेकते तेवढी जागा पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासा. बसवून झाल्यावर मल्टीमीटरचं एक टोक वाजवायच्या तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या धातूला लावा. शून्याच्या जवळचा रोध दिसला पाहिजे.

स्क्रू जुन्या भोकांत सैल वाटले तर लाकडी गोंद लावलेल्या बारीक कडक काड्या ठोकून, एक दिवस वाळू देऊन, पुन्हा मार्गदर्शक भोक पाडा. भोकं नव्या जागी लागणार असतील तर काड्यांवर भागवू नका. कठीण लाकडाची गोल खुंटी चिकटवूनच बुजवा, नाहीतर ड्रिलचं टोक जुन्या भोकात घसरतं. स्क्रूला मेण लावा. ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. स्क्रू घट्ट झाला की थांबा, ताकद दाखवायची जागा ही नाही.

मग सेटअप, याच क्रमाने: आधी ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या सळीने) नेकचा बाक, साधारण ०.३ मिमी, मग उंची, मग इंटोनेशन. फेंडरची शिफारस सतराव्या फ्रेटपाशी ई खाली सुमारे २.४ आणि जी खाली २ मिमी अशी आहे. तिथून सुरुवात करा आणि आपल्या हाताप्रमाणे खाली-वर जा. सॅडलची उंची एका रेषेत ठेवू नका. फिंगरबोर्डच्या गोलाईप्रमाणे मधल्या दोन जराशा वर हव्यात. आठवड्याने पुन्हा एकदा सगळं तपासा, नवा ब्रिज लाकडावर थोडा बसतो.

जुना ब्रिज त्याच्या स्क्रूंसह एका पिशवीत ठेवून द्या. बास विकायची वेळ आली तर मूळचा भाग सोबत असल्याने किंमत राहते.

काळा की क्रोम? तुम्ही ठाण्यात आहात आणि आधीचा ब्रिज गंजला आहे. काळ्या रंगाखाली गंज दिसत नाही, तो कळतो तेव्हा स्क्रू जाम झालेले असतात. शिवाय तळहात जिथे टेकतो तिथला काळा थर आधी उडतो. सोनेरी मुलामा तर घामाने त्याहून लवकर जातो. क्रोम घ्या, स्क्रू स्टेनलेसचे आहेत ना ते विचारून घ्या, वाजवून झालं की कोरड्या कपड्याने पुसा आणि दर पावसाळ्याआधी प्रत्येक ग्रबस्क्रूवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून तो अर्धा फेरा मागे-पुढे फिरवत राहा.